उरुळी कांचनला झाडं आणायला जातोय, काय बघून घ्यायचं?

कोथरूडची बाल्कनी: रविवारी सोसायटीतल्या सहाजणी आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून उरुळीला चाललोय. गेल्या वर्षी पण गेलो होतो, दिवस इतका छान गेला, सकाळी लवकर निघून आधी थेऊरला चिंतामणीचं दर्शन, मग एकेक नर्सरी बघत बघत दुपार झाली, डबे तिथेच झाडाखाली बसून खाल्ले. पण मी आणलेल्या अकरा रोपांपैकी चारच जगली. गुलाब कळ्यांनी भरलेले बघून घेतले होते, घरी येऊन लगेच मोठ्या कुंडीत लावले, आठ दिवसांत पानं पिवळी पडून गळाली. शेजारच्या काकूंच्या जास्वंदीवर पांढरा पिठ्या, म्हणजे ती कापसासारखी दिसणारी कीड, आला आणि तो माझ्या कढीपत्त्यावर पण आला. सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता आहे हो तो, आता नुसत्या काड्या उरल्यात, बघवत नाही. या वेळी मोगरा, सोनचाफा आणि दोन गुलाब हवेत, बाल्कनी पश्चिमेची आहे, दुपारी दोननंतर कडक ऊन. काय बघून घेऊ?

मातीतला माणूस: ताई, फुलं बघून घेऊ नका. कळ्यांनी लगडलेलं रोप आपला सगळा जोर फुलांवर घालवत असतं, त्यात गाडीचा प्रवास, नवी जागा आणि लगेच कुंडी बदलली की ते दमणारच. कमी फुलांचं, जाड काडीचं, नवीन लालसर फुटवे आलेलं रोप घ्या. पिशवी उचलून तळ बघा, मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते जुनं पडलेलं रोप आहे. गुलाबाला डोळा कुठे भरलाय, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर चांगल्या जातीचं कलम कुठे बांधलंय, ती गाठ दाखवायला सांगा, लावताना ती मातीच्या वर ठेवा आणि गाठीच्या खालून येणारा फुटवा लगेच काढून टाका, तो जंगली असतो, ठेवला तर कलम मागे पडतं. आणि घरी आणल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच राहू द्या, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा जागी, मग कुंडीत लावा, मातीचा गोळा न फोडता.

हडपसरकर: सोनचाफा कलमाचाच घ्या, बियांचा घेतला तर फुलांची वाट बघत वर्षं जातील. आणि जागेचा विचार करा, ते मुळात मोठं झाड आहे, कुंडीत लावायचं तर निदान अठरा-वीस इंची लागेल. मोगऱ्याला तुमचं दुपारचं ऊन चालेल, त्याची काळजी नको. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट न्या, रोपं त्यात उभी राहतात, आडवी टाकली की माती सांडते आणि काड्या मोडतात. काचा उघड्या ठेवून जोरात येऊ नका, वाऱ्याने कोवळी पानं करपतात. आठजणींनी एकाच ठिकाणी घेतलं तर भावात पण बसेल. उरुळी लांब वाटली तर शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाची रोपवाटिका आहे, तीही बघा.

गच्चीवरची आजी: कढीपत्त्याचं वाचून जीव हळहळला. अजून उपटू नका गं. बुंध्याजवळ साल नखाने जरा खरवडून बघ, आत हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. वाळलेलं सगळं कापून टाक, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवार, आठवड्यातून एकदा असं महिनाभर. आणि नर्सरीत प्रत्येक रोपाचं पान उलटं करून बघायचं, बेचक्यात कापसासारखं पांढरं असेल किंवा खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर ते घ्यायचंच नाही, कितीही सुंदर असो. पिठ्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात. नवीन झाडं पंधरा दिवस जुन्यांपासून लांब ठेव, आणि हे काकूंनाही सांग, एकीच्या बाल्कनीतला पिठ्या बघता बघता दुसरीकडे जातो.

कोथरूडची बाल्कनी: आजी, आत्ता जाऊन खरवडून बघितलं, वरच्या काड्या वाळल्यात पण मातीच्या चार बोटं वर आत हिरवं आहे!! सासूबाईंना हाक मारून दाखवलं, त्या बराच वेळ तिथेच बसून होत्या. उद्याच निंबोळी तेल आणते. काकूंना पण सगळं वाचून दाखवलं, त्या क्रेट आणणार आहेत. मोगरा कुंडीत किती खोल लावायचा तेवढं कोणीतरी सांगा.

मातीतला माणूस: पिशवीत जितका खोल होता तितकाच, त्याहून खोल नको.