दोरू नदीकाठचं पिन्यांव स्टेशन: नुसत्या टाइल्स बघायला एक दिवस काढावा का?

मांडवीकाठ (पणजी):
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आई आणि मी पोर्तुगालला जातोय, मामेभाऊ लिस्बनला असतो त्याच्याकडे. मधले चार दिवस पोर्तोला. तो सारखा म्हणतोय की एक दिवस ट्रेनने पिन्यांवला जाऊन या, तिथलं स्टेशनच बघण्यासारखं आहे, भिंतीभर निळ्या टाइल्सची चित्रं. आता आईचे गुडघे दुखतात, जाऊन-येऊन पाच तास ट्रेनमध्ये, आणि बघायचं काय तर स्टेशन! कोणी गेलंय का? त्या स्टेशनात एवढं काय आहे तेही जरा सांगा, आईला पटवायला बरं पडेल.

फोंड्याची_लेक:
जा जा, नक्की जा. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. गाव एवढंसं, पिन्यांव नावाचीच छोटी नदी तिथे दोरूला मिळते, आणि चारी बाजूंना डोंगर, पायऱ्या पायऱ्या काढून द्राक्षं लावलेली. स्टेशन पांढरं, साधंच, गावच्या मानाने बेताचं. टाइल्स आत नाहीत, बाहेरच्या भिंतींवर आहेत, म्हणजे ट्रेनमधून उतरलात की समोरच, आईंना कुठे चढावं लागणार नाही. एकूण २४ चित्रं आणि टाइल्स साधारण ३,००० असतील. १९३७ साली बसवल्या, आवैरूच्या आलेलुया कारखान्यात बनवलेल्या.

चित्रांत ना कुठला राजा ना कुठली लढाई. द्राक्षं खुडणाऱ्या बायका, पाठीवर टोपल्या घेतलेले पुरुष, नदीतल्या होड्या, म्हणजे त्या गावाचा रोजचा धंदा. मी एका चित्राजवळ अगदी नाक लावून उभी राहिले होते. टाइल्सच्या सांध्याची बारीक रेघ एका बाईच्या गालावरून गेलीय पण ब्रशचा फराटा रेघ ओलांडून तसाच पुढे जातो, आणि निळा रंग एकच असून कुठे दाट कुठे पाण्यासारखा पातळ, तेवढ्यावर पदराची घडी दिसावी तशी तिच्या कपड्याची घडी दिसते. पांढऱ्या ग्लेझवर रंगवून परत भट्टीत भाजतात म्हणून ते ऊन-पावसात टिकलंय. खरं सांगते, मला आजीच्या शेतातली कापणी आठवली.

जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. आम्ही डावीकडे बसलो आणि निम्म्या वाटेत उठून उभे राहिलो. सप्टेंबर म्हणजे द्राक्षांच्या तोडणीचाच हंगाम, भिंतीवर आहे तेच समोर डोंगरावर चाललेलं दिसेल. परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, वेळ आधी बघून ठेवा.

कुडचडेकर (रेल्वेतून रिटायर):
ताईंनी छान लिहिलंय, मी थोडा रुळांचा भाग सांगतो. तिथली लाइन पिन्यांवला पोचली १८८० साली आणि शेवटपर्यंत म्हणजे स्पेनच्या हद्दीजवळ बार्का द'आल्व्हाला १८८७ साली. आता आपल्याकडे बघा, मुरगाव ते सावर्डे गाडी सुरू झाली तीही १८८७ सालीच, आणि कॅसल रॉकपर्यंत १८८८. एकाच राज्याखाली दोन टोकांना एकाच वेळी डोंगर फोडणं चाललं होतं. फरक एवढाच की आपली मीटर गेज होती, त्यांची रुंद. आजचं त्यांचं माप १६६८ मिलिमीटर, आपलं ब्रॉडगेज १६७६, फक्त ८ मिलिमीटरचा फरक.

रेल्वे यायच्या आधी तिथली वाइन पिंपांतून 'राबेलु' नावाच्या सपाट बुडाच्या होडीने पोर्तोसमोरच्या गाया या गावाला जायची. नदी तेव्हा खडकाळ आणि ओढीची, होड्या फुटायच्या, माणसं बुडायची. गाडी आली आणि होड्यांचा धंदा हळूहळू बसला. आणि त्याच रेल्वेच्या स्टेशनच्या भिंतीवर १९३७ साली त्या होड्यांची चित्रं लागली! मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पुढे सत्तरच्या दशकात रेग्वा, वालैरा अशी धरणं झाली, पाणी चढलं, खळाळ गेला. तेव्हा जुनी नदी बघायची तर ती त्या भिंतीवरच.

आमच्या कुडचड्याला स्टेशनपासून झुआरी हाकेच्या अंतरावर. मी लहानपणी खनिजाच्या बार्जी बघितल्यात, रात्री त्यांचे दिवे पाण्यात हलायचे, इंजिनचा आवाज घरापर्यंत यायचा. आमच्या भिंतीवर काय काढायचं असं कोणी विचारलं तर मी आधी बार्ज सांगेन, मग खाणीवरची माणसं, मग दूधसागरची गाडी. अजून कोणी विचारलेलं नाही.

म्हापश्याचा_बाब्या:
एक सुचवू का, पोर्तुगालला निघायच्या आधी आईंना घेऊन आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटमध्ये अर्धा तास जा. आत शिरल्या शिरल्या भिंतींवर अझुलेज म्हणजे अशाच रंगवलेल्या टाइल्स आहेत, १९३५ च्या, चित्रकार जॉर्ज कुलासूच्या. हाच माणूस पोर्तोच्या सांव बेंतु स्टेशनचा, तिथे त्याच्या साधारण २०,००० टाइल्स आहेत आणि तुमची गाडी बहुतेक तिथूनच सुटेल. म्हणजे आधी पणजी, मग सांव बेंतु, मग पिन्यांव, तिन्ही बघून होतात. पणजी आणि सांव बेंतुला मोठमोठे ऐतिहासिक प्रसंग आहेत, पिन्यांवला मात्र शेतकरी.

मांडवीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार! आईला कुडचडेकर काकांचं वाचून दाखवलं, होड्यांचं ऐकून ती गप्प बसली थोडा वेळ. तिचे वडील बेती-पणजी फेरीवर होते, मांडवीवरच नोकरी गेली त्यांची. मग म्हणाली, उजवीकडची खिडकी मिळेल ना बघ. शनिवारी ब्रागांझाला जातोय. काका, परत आल्यावर फोटो इथेच टाकते, होड्यांचे आधी.