कालोफरचा नदीतला नाच

कुणी म्हणेल की हिवाळ्यात नदीत उड्या मारणं म्हणजे दारू पिऊन केलेला आचरटपणा. बल्गेरियातल्या कालोफर गावाबद्दल तरी मला हे पटत नाही.

तिथे दरवर्षी 6 जानेवारीला, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, पुरुषमंडळी तुंजा नदीत उतरतात. आधी धर्मगुरू लाकडी क्रूस पाण्यात टाकतो. तो ज्याच्या हाती लागेल त्याला वर्षभर आरोग्य लाभतं, अशी श्रद्धा. पण कालोफरची खरी शान पुढच्या नाचात आहे. अंगात भरतकाम केलेले सदरे, काठावर बर्फ, पाणी कमरेपर्यंत आणि ढोल व गायदा (तिथलं पिशवीचं वाद्य) यांच्या ठेक्यावर फेर धरून संथ 'होरो' चाललेला. काही बाप तर लहानग्यांना खांद्यावर घेऊन नाचतात! वाइन आणि राकिया (फळांपासूनची कडक दारू) असतेच, नाकारत नाही. पण दारूने ऊब वाटते तेवढीच, शरीरातली उष्णता उलट लवकर जाते.

थंड पाण्यातला पहिला मिनिटभर सगळ्यात धोक्याचा. श्वास एकदम आत ओढला जातो, तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर घात होतो. थेट सूर मारण्यापेक्षा एकमेकांना धरून, पायाला तळ लागेल अशा पाण्यात हळूहळू उतरणं म्हणूनच मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

कवी आणि क्रांतिकारक ख्रिस्तो बोतेव याच गावचा, आणि त्याची जयंतीही 6 जानेवारीलाच. त्यामुळे गावाला त्या दिवसाचं दुप्पट अप्रूप. त्याच भागातल्या प्लॉव्दिव्ह शहराकडे कोणी जाणार असेल तर तारीख जुळवून जरूर जा.