जुन्या जर्मन घरात प्रारित हीटिंग (पृष्ठभाग तापवून खोलीला ऊब देणे) : गरम पाण्याच्या नळ्या जमिनीत घालाव्यात, भिंतीत की छतात?

नेकारकाठ

नमस्कार. स्टुटगार्टजवळच्या एका गावात आम्ही 1934 साली बांधलेले दुमजली घर विकत घेतले आहे. बाहेरच्या भिंती भरीव विटांच्या, 38 सेंटिमीटर जाडीच्या असून त्यांना उष्णतारोधक थर नाही. तळघरात तेलावर चालणारा जुना बॉयलर आणि प्रत्येक खिडकीखाली ओतीव लोखंडी रेडिएटर आहेत. तळमजल्याला काँक्रीटचा स्लॅब आहे. त्यावर सत्तरच्या दशकात घातलेले सिमेंटचे एस्ट्रिख (स्लॅबवरचा सपाटीचा थर) आणि टाइल्स आहेत. वरच्या मजल्यावर मात्र लाकडी तुळया आणि पाइनच्या मूळ पाट्या आहेत आणि त्या ठेवता आल्या तर आम्हाला ठेवायच्या आहेत.

बॉयलर काढून हवेवरचा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र, बसवायचा, इतके ठरले आहे. पुढचे मात्र ठरत नाही. एक कंत्राटदार संपूर्ण घरात फ्लोअर हीटिंग, म्हणजे जमिनीत नळ्या, घ्यायला सांगतो, दुसरा भिंतीत नळ्या घालू म्हणतो, आणि एका विक्रेत्याने तर नळ्यांच्या भानगडीत न पडता विजेवर तापणारे इन्फ्रारेड पॅनेल लावण्याचा सल्ला दिला. पुण्याहून आई-बाबा हिवाळ्यात राहायला येतात आणि 21 अंशांतही पाय गार पडल्याची त्यांची तक्रार असते, तेव्हा केवळ वीजबिलाचा विचार करून भागणार नाही. जुन्या घरात हे काम करून घेतलेल्यांनी किंवा या व्यवसायातल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्णतावही

मी हीटिंगच्या आराखड्यांचे काम करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

संपूर्ण घरात एकच पद्धत वापरण्याचा आग्रह आधी सोडावा. आपल्याला खरे तर फ्लोअर हीटिंग नको आहे, कमी तापमानाच्या पाण्यावर ऊबदार राहणारे घर हवे आहे. पाणी एक अंशाने कमी तापवावे लागले, तर हीट पंपाची वीज सुमारे अडीच टक्क्यांनी वाचते. म्हणून 55 ऐवजी 35 अंशांवर भागणाऱ्या घरातला फरक बिलात स्पष्ट दिसतो. फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने जुन्या इमारतींतल्या हीट पंपांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हवेवरच्या पंपांनी विजेच्या एका युनिटमागे सरासरी 3.1 आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपांनी 4.1 युनिट उष्णता दिली होती. म्हणजे जुन्या घरात हीट पंप चालतच नाही, हे जे सर्रास ऐकू येते ते खरे नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करून पाहावी. कडाक्याच्या थंडीत बॉयलरच्या पाण्याचे तापमान 55 अंशांवर आणावे, रेडिएटरच्या सर्व झडपा पूर्ण उघडाव्यात आणि कोणत्या खोल्या मागे पडतात ते पाहावे. ओतीव लोखंडाचे जुने रेडिएटर अनेकदा गरजेपेक्षा मोठे असतात, त्यामुळे काही खोल्यांत काहीच बदलावे लागत नाही, असेही निघते. त्यानंतर ईएन 12831 या युरोपीय मानकानुसार प्रत्येक खोलीचा उष्णताभार, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तिला किती उष्णता लागते ते, काढून घ्यावा. घराच्या क्षेत्रफळावरून अंदाजपंचे आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नये.

जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान वावराच्या जागेत 29 अंशांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. न्हाणीघरात ही मर्यादा 33 अंशांची आहे. खोलीत 20 अंश हवे असतील तर दर चौरस मीटरला सुमारे 100 वॅट ही कमाल मर्यादा झाली, आणि 35 अंशांच्या पाण्यावर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. उघड्या विटांच्या कोपऱ्यातल्या खोलीला इतके पुरत नाही. म्हणून खिडक्या, माळ्याची जमीन आणि तळघराचे छत यांचा विचार हीटिंगच्या आधी करावा.

आपल्या तळमजल्यासाठी मला एस्ट्रिखमध्ये खाचा पाडण्याचा मार्ग योग्य वाटतो. टाइल्स काढल्यावर यंत्राने थेट एस्ट्रिखमध्ये खाचा कोरतात, कोरतानाच धूळ नळीने ओढून घेतात आणि 14 ते 16 मिलिमीटर व्यासाची नळी खाचेत दाबून बसवतात. जमिनीची उंची जवळजवळ वाढत नाही, ओले एस्ट्रिख सुकण्याची वाट पाहावी लागत नाही आणि नळी पृष्ठभागाजवळ असल्याने खोली लवकर तापते. खाली रोधक थर नसेल, तर उष्णता तळघरात जाऊ नये म्हणून तळघराच्या छताला खालून रोधक पट्ट्या लावून घ्याव्यात. त्याने तळघराची उंची थोडी कमी होईल, पण चालण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र टाळू नये. जर्मनीत अ‍ॅस्बेस्टॉस या फुप्फुसांना घातक तंतुमय खनिजावर बंदी आली ती 1993 साली. त्याआधीच्या टाइल्सखालचा गोंद आणि सपाटीकरणाचा लेप यांत ते असू शकते. यंत्र लावण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि तो अहवाल हाती येईपर्यंत एकही टाइल उचलू देऊ नये.

लिंडेनाऊ

लाइपझिगमधल्या शंभरीपार इमारतीतल्या आमच्या घरात लाकडी तुळयांवर फ्लोअर हीटिंग केले आहे, म्हणून वरच्या मजल्याबद्दल लिहिते.

ओल्या एस्ट्रिखचे वजन दर सेंटिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सुमारे 20 किलो असते. साडेसहा सेंटिमीटर धरले तर 130 किलो होतात आणि जुन्या तुळयांवर तो भार घालायला आमच्या स्थापत्य अभियंत्यांनी स्पष्ट नकार दिला. आम्ही लाकडी तंतूंच्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, पत्र्यांत नळी आणि वर जिप्सम-तंतूंचे फलक असा कोरडा प्रकार घेतला. तो वजनाला हलका आणि लवकर तापणारा आहे. तुळयांच्या मधे वाळू आणि कोळशाच्या राखेचा जुना भराव निघाला. तो काढून टाकावा असे गवंड्याचे मत होते, परंतु खालच्या मजल्यापर्यंत आवाज पोहोचू न देण्याचे काम तोच भराव करतो, म्हणून आम्ही तो तसाच राहू दिला.

कोरड्या प्रकाराची गैरसोय निराळीच. जमीन सहा सेंटिमीटरने वर आली आणि प्रत्येक दार खालून कापावे लागले. जुन्या चौकटीच्या दारांचे खालचे फळकूट इतके कापले की त्यांचे प्रमाणच बिघडते. शिवाय जिन्याची सर्वांत वरची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंच होते. अंधारात चढताना पाय तिथेच अडखळतो, आणि आई-बाबांचे वय लक्षात घेता हा मुद्दा आपण गांभीर्याने घ्यावा. पाइनच्या मूळ पाट्याही अर्थातच झाकल्या जातील.

सह्यकडा

इन्फ्रारेड पॅनेलविषयी थोडक्यात लिहितो. पॅनेल स्वस्त असते, भिंतीवर टांगले की काम झाले, आणि समोर बसणाऱ्याला ऊबही छान लागते. परंतु विजेच्या एका युनिटमागे उष्णतेचे एकच युनिट मिळते, आणि तेवढ्याच विजेत हीट पंप तीन किंवा अधिक देतो. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात किंवा छंदाच्या खोलीत ते ठीक आहे. संपूर्ण घर त्यावर तापवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नेकारकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जिन्याच्या पायरीचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. तळमजल्याचे जवळपास ठरले. वरच्या शयनगृहांसाठी भिंतीतल्या नळ्या कशा राहतील? आणि सरकारी अनुदानासाठी कामांचा क्रम कसा असावा?

उष्णतावही

भिंतीचा हिशेब करून पाहू. बाहेर उणे 10 आणि खोलीत 20 अंश असताना आपल्या उघड्या विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण 14 अंशांवर असतो. शरीराला जाणवते ते तापमान हवा आणि सभोवतालचे पृष्ठभाग यांच्या मध्यावरचे असते, त्यामुळे आई-बाबांची तक्रार अगदी रास्त आहे. थर्मामीटर फक्त हवेचे सांगतो. आता त्याच भिंतीत नळ्या घालून पृष्ठभाग 32 अंशांवर नेला, तर बाहेरच्या हवेशी फरक 24 वरून 42 अंशांवर जातो आणि त्या भिंतीतून वाया जाणारी उष्णता पावणेदोनपट होते. म्हणून बाहेरच्या भिंतीवर नळ्या घालायच्याच असतील, तर आधी आतून लाकडी तंतूंचा रोधक थर आणि त्यावर मातीच्या गिलाव्यात नळी, असाच क्रम हवा. तिथे पुढे कपाट ठेवता येत नाही आणि खिळा ठोकण्यापूर्वी नळी शोधावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या शयनगृहांसाठी मी छत सुचवेन. माळ्याच्या जमिनीवर रोधक थर घालणारच असाल, तर त्याच्या खाली, खोलीच्या छताला नळ्या असलेले मातीचे किंवा जिप्समचे फलक लावता येतात. छतातून उष्णता मुख्यतः प्रारणाने येते, म्हणून दर चौरस मीटरला ती जमिनीपेक्षा कमी मिळते. पण छतावर फर्निचर नसल्याने जवळजवळ सगळी जागा वापरता येते. पाइनच्या पाट्या, दारे आणि जिना यांना हातही लागत नाही. छत फार खाली असेल तर डोक्याला उष्णता जाणवते, त्यामुळे पाण्याचे तापमान कमीच ठेवावे लागते.

अनुदानाबाबत : 2024 पासून लागू झालेल्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेच्या 458 क्रमांकाच्या योजनेत मूळ अनुदान 30 टक्के असून, स्वतः राहणाऱ्या मालकाने चालू स्थितीतला तेलाचा बॉयलर काढल्यास आणखी 20 टक्के आणि प्रोपेनसारखे नैसर्गिक शीतक (पंपाच्या आत फिरून उष्णता वाहणारा पदार्थ) वापरणारा पंप घेतल्यास 5 टक्के मिळतात. एका कुटुंबाच्या घरासाठी 30,000 युरोंपर्यंतचा खर्च ग्राह्य धरतात, आणि पंपासोबत केलेल्या नळ्यांच्या कामाचाही त्यात समावेश करता येतो. क्रम असा ठेवावा : उष्णताभार, मग कोटेशन, मग अनुदान मंजूर झाले तरच लागू होईल अशी अट असलेला करार, मग अर्ज, आणि मंजुरीनंतर काम. तो अटीचा परिच्छेद करारात नसेल तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून सही करण्यापूर्वी कंत्राटदाराकडून तो लिहून घ्यावा. अंतिम बिलासाठी प्रत्येक खोलीच्या पाण्याचा प्रवाह जुळवल्याचा दाखलाही लागतो. तो काम संपल्यावर मागायला गेलात तर हेलपाटे पडतात, करारातच नमूद करून घ्यावा.