क्रूझची केबिन, जंतू आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

लॅबवाली, धंतोली

नागपूरहून समुद्र कुठेच जवळ नाही, तरी हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी क्रूझला जाऊन राहिलं आहे. कोणी मुंबईहून गोव्याला, कोणी सिंगापूरहून, कोणी मुलाकडे अमेरिकेला गेलं की तिथून कॅरिबियनला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून निघायच्या आधी लोक मला हमखास विचारतात, "केबिनमध्ये जंतू असतात का गं?" असतात. तुमच्या मोबाइलवरही असतात.

जहाजावर पोट बिघडवणारा मुख्य गडी म्हणजे नोरोव्हायरस. १९६८ साली ओहायोतल्या नॉरवॉक गावी शाळेत साथ आली आणि १९७२ मध्ये तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सापडला. शंभराच्या आत कण पोटात गेले तरी त्याचं काम होतं. १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू, एक ते तीन दिवसांत माणूस पुन्हा उभा. बातम्या जहाजांच्या जास्त येतात, कारण तिथे मोजदाद होते. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेच्या, हिशेबात नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरस साथींपैकी जहाजांवरच्या साथी एक टक्क्याच्या आसपास आहेत.

पर्समधल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. कोविडच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण होतं, ते अल्कोहोलने विरघळायचं. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही, त्यामुळे तो अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेही नीट चोळून, हाच उपाय.

माझं मत असं की लोक पलंगाला आणि बाथरूमला घाबरतात आणि स्वतःच्या हाताला घाबरत नाहीत. पटत नसेल तर भांडा. केबिनमध्ये शिरल्यावर काय करता, घरून काय नेता, कोण आजारी पडलं, सगळं लिहा. फक्त कंपन्यांची नावं नकोत.


महालातली मावशी

आमच्या घरातलं सोवळं सासूबाईंबरोबर गेलं, पण अंगातली सवय जात नाही बाप्पा. मी नेलं ते सांगते : घरच्या चादरी, अभ्रे, प्लास्टिकचं टमरेल, कपडे धुवायचा साबण आणि दाराशी अंथरायला जुने पेपर. बॅग भरताना हे म्हणाले, "जहाजावर चालली आहेस का बाळंतपणाला?"

चपला केबिनच्या दाराशी पेपरवर काढायच्या, असा नियम मी पहिल्या दिवशीच घातला. खोली साफ करणारा मुलगा बिचारा रोज तो पेपर उचलून, घडी करून टेबलावर ठेवायचा. वाचायचा राहिला असेल, असं त्याला वाटत असावं! मी रोज परत अंथरायची. शेवटी खुणेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर दाराशी एक जुना टॉवेल नीट अंथरलेला आणि त्यावर आमच्या चपला जोडीने लावलेल्या.

खोली चकचकीत होती, खोटं कशाला बोलू. किळस आली ती जेवणाच्या हॉलमध्ये. एक गृहस्थ शिंकले, त्याच हाताने डाळीचा डाव घेतला, वाढून झाल्यावर डाव डाळीतच सोडला, दांड्यासकट. मागच्या बाईने तो दोन बोटांनी वर काढला आणि स्वतःला वाढून घेतलं. मी त्या दिवशी केळी खाल्ली. चादरी मात्र पुढच्या वेळीही नेणारच.


एमएच३१ खलाशी, खामला

मावशी, तो टॉवेलवाला मी नव्हतो, पण असू शकलो असतो. बरीच वर्षं केबिन स्टुअर्ड होतो, आता घरचं दुकान बघतो. आतली बाजू सांगतो.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे पाहुणे बदलायचा. सकाळी जुने उतरतात, दुपारी नवे चढतात, आणि मधल्या वेळात आपल्या वाट्याच्या सगळ्या खोल्या तयार पाहिजेत. टॉयलेटचं फडकं वेगळ्या रंगाचं, खोलीचं वेगळ्या, काचेच्या ग्लासांचं आणखी वेगळं. रंग चुकला की सुपरवायझर सगळ्यांदेखत झापणार. आधी कमी घाण जागा, मग जास्त, टॉयलेट शेवटी. औषध फवारलं की लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. इथेच कामचुकार पोरगा पकडला जातो. फवारलं आणि लगेच पुसलं तर वास येतो, जंतू तसेच राहतात.

हात कुठे कुठे लागतो ते आम्हाला पाठ असतं : रिमोट, फोन, दिव्याची बटणं, दाराची आतली मूठ, तिजोरीची बटणं, हेअर ड्रायरचा दांडा, फ्लशचं बटण. पलंगावर पायथ्याशी शोभेची पट्टी असते ना, ती मात्र चादरीसारखी प्रत्येक पाहुण्यामागे धुतली जात नव्हती. रात्री काढून खुर्चीवर टाका, एवढं सांगेन.

साथ आली की 'कोड रेड'. लायब्ररीतली पुस्तकं, पत्ते उचलून ठेवतात. टेबलावरची मीठ-मिऱ्याची भांडी गायब. बुफेतले डाव-चिमटे पाहुण्यांच्या हातून काढून घेतात, आम्हीच वाढायचं. ज्या केबिनमध्ये उलटी झाली तिथे गाऊन, मास्क, हातमोजे घालून वेगळी टीम जाते, चादरी वेगळ्या पिशवीत बंद करून जातात. उलटीचे बारीक थेंब दिसतात त्यापेक्षा बरेच लांब उडालेले असतात, म्हणून नुसता डाग पुसून भागत नाही, भोवतालचा सगळा गालिचा, भिंत, खुर्चीचे पायसुद्धा. घरी आई सगळ्यांना सांगायची, पोरगा फॉरेनला आहे. आणि पोरगा गुडघ्यावर बसून कोणाची तरी उलटी काढत होता.

आमचं स्वतःचं पोट बिघडलं तर? अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर नियम कडक आहे. जेवणाशी संबंध असलेल्या कामगाराला लक्षणं थांबल्यानंतरही ४८ तास वेगळं ठेवतात. नवीन पोरं घाबरून सांगत नाहीत. जुने लोक त्यांना कानाला धरून डॉक्टरकडे नेतात.

आपल्या लोकांबद्दल विचारलं तर, आपण बाथरूम ओलंचिंब करतो. पडदा टबाच्या बाहेर ठेवून आंघोळ, मग पाणी गालिच्यापर्यंत. पण बूट घालून पलंगावर लोळणारे पाहुणे आपल्यात मी क्वचितच पाहिले. गोरे आजोबा बुटासकट झोपायचे आणि बाथरूम कोरडं ठक्क. आता घाणेरडं कोणाला म्हणायचं, तुम्हीच ठरवा.


बजाजनगरची

मी आजारी माणसाच्या बाजूने लिहिते. यांना पहाटे उलट्या सुरू झाल्या. म्हणे, "कोणाला सांगू नको, कोंडून ठेवतील." मी फोन उचलला आणि सांगितलं. माझं म्हणणं एवढंच होतं की ओआरएस आपल्याजवळ आहे, पण हा माणूस दुपारी बरं वाटलं की परत बुफेत जाऊन उभा राहील.

नर्स आली, एक फॉर्म दिला : मागच्या ७२ तासांत काय काय खाल्लं, कुठे खाल्लं. यांनी काय खाल्लं नव्हतं ते लिहिणं सोपं गेलं असतं. मागची कोरी बाजूही भरली. लक्षणं थांबल्यावर अजून २४ तास खोलीतच राहायचं, असं ठरलं. एक बंदर हुकलं, यांनी ते खिडकीतून पाहिलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण दाराशी यायचं. पहिल्यांदा कोरडा टोस्ट, मग मी विनवणी केल्यावर कुठून तरी दहीभात आला. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घातलेला! स्वयंपाकघरात कोण आपला माणूस होता देव जाणे.

राग आला तो शेजाऱ्यांचा. लिफ्टमध्ये मी शिरले की एक कुटुंब बाहेर पडायचं. त्यातल्याच काकांना मी आदल्या दिवशी टॉयलेटमधून हात न धुता बाहेर पडताना पाहिलं होतं.


क्लोरिनवाले काका, त्रिमूर्तीनगर

जन्म पाणीपुरवठ्यात गेला. नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं, गाव आपलं, १९५८ पासून इथे बसून देशाच्या पाण्याचा अभ्यास चालतो, आणि इथलेच लोक जहाजावर दात घासायला बाटलीचं पाणी वापरतात. माझ्या बॅगेत क्लोरिन तपासायच्या औषधाची, ऑर्थोटोलिडीनची, कुपी असतेच. केबिनच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, थेंब टाकले, पिवळा रंग छान आला. बायकोने तोंड फिरवलं.

जहाजाचं पाणी समुद्राचं पाणी तापवून त्याची वाफ थंड करून किंवा आरओने करतात, नाहीतर बंदरावर भरतात, आणि मग क्लोरिन घालतात. अमेरिकेच्या नियमात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन लागतं. सीडीसीची जहाज-स्वच्छता योजना १९७० च्या दशकापासून आहे. न सांगता तपासणी, शंभरपैकी गुण, ८५ किंवा खाली आले की जहाज नापास, आणि गुण सगळ्यांना पाहायला मोकळे. आपल्या मुंबई-गोवा फेऱ्यांना ती योजना लागू नाही, त्यामुळे तिथे ते गुण शोधू नका.

मला भीती फक्त हॉट टबची. लिजिओनेला नावाचा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात तो गाजला, १९९४ मध्ये एका क्रूझच्या हॉट टबमधूनच लोक आजारी पडले. माझ्या वयाच्या माणसाने त्या टबात बसू नये. आणि हो, कूलरच्या टाकीतलं पाणी महिना महिना न बदलणाऱ्यांनी जहाजाच्या नळाला नावं ठेवू नयेत.


गिट्टीखदानचा गडी

क्रूझला गेलो नाही, जायचं बजेट नाही. पण रात्रीच्या गाडीत मिळालेलं ब्लँकेट नाकापर्यंत ओढून झोपणारा माणूस केबिनला काहून घाबरतो, हे मला समजून नाही राहिलं.


मनीषनगर १२

आमचे बाबा साफ नाही म्हणतात. त्यांच्या डोक्यात कोविडमुळे जपानात योकोहामाला अडकलेलं ते २०२० चं डायमंड प्रिन्सेस जहाज बसलं आहे. ३,७११ माणसं, ७१२ बाधित. केबिन स्वच्छ असून काय उपयोग झाला, असं विचारतात. काय सांगू?


लॅबवाली, धंतोली

@मनीषनगर १२, बाबांचं बरोबर आहे. तो विषाणू श्वासातून, हवेतून जाणारा, तिथे नुसता साबण पुरत नाही. खोकला-सर्दीच्या दिवसांत गर्दीच्या बंद हॉलमध्ये मास्क, जास्तीत जास्त वेळ उघड्या डेकवर, आणि वयामुळे लसी आधीच घेतलेल्या. त्यांना ढकलून नेऊ नका, मात्र.


दोन पिल्लांची आई, प्रतापनगर

सगळ्यात जास्त जंतू माझ्याच केबिनमध्ये होते, दोघांनी मिळून आणलेले. लिफ्टची सगळी बटणं दाबायची, मग बोट तोंडात. मी दाराशीच बाथरूम असल्याचा फायदा घेतला : आत आलं की चपला, मग सरळ बेसिन, मग पलंग. वीस सेकंद व्हावीत म्हणून 'ये रे ये रे पावसा' पूर्ण म्हणायचं, पटकन उरकलं की पुन्हा पहिल्यापासून. थोरला म्हणतो, "आई, इथे खरंच पाऊस आला तर?"

एक माहिती : डायपरमधल्या बाळाला मुख्य पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचं डायपर असलं तरी. आमच्या जहाजावर एका आजीने त्यावरून वाद घातला, माझी सहानुभूती जीवरक्षकाला होती.

आपल्याकडची एक गंमतही दिसली. जेवून उठलं की आपली माणसं कोपरापर्यंत हात धुतात, चूळ भरतात. जेवायला बसताना मात्र नळाकडे कोणी वळत नाही. हॉलच्या दारात एक मुलगी "वॉशी वॉशी" गात हातावर सॅनिटायझर फवारायची, आत बेसिनं होती तीही दाखवायची. आमच्या ग्रुपमधले फवारा घेऊन सरळ पुरणपोळी शोधायला जायचे.


रामदासपेठकर

आमच्या मजल्यावर भलतंच झालं. एके सकाळी ओळीने सगळ्या केबिनचे फ्लश बंद. जहाजाचा फ्लश आपल्यासारखा पाणी ओतणारा नसतो, हवेच्या दाबाने खेचणारा असतो, आणि एकाच नळीवर कित्येक केबिन असतात. दोन तंत्रज्ञ आले, भिंतीचा पत्रा उघडला, आणि नळीतून जंतुनाशक वेट वाइप्सचा दोरखंड निघाला. हातभर. आमच्याच ग्रुपमधल्या एक बाई होत्या, रिमोटपासून टॉयलेटच्या सीटपर्यंत रोज सगळं स्वतः पुसायच्या आणि वाइप्स कमोडमध्ये टाकायच्या. भिंतीवर पाटी होती, कागदाखेरीज काही टाकू नका. दुपारपर्यंत सगळा मजला खालच्या डेकवरच्या सार्वजनिक टॉयलेटच्या रांगेत. त्या बाई रांगेत सगळ्यात पुढे, हातात वाइप्सचं नवं पाकीट.


एमएच३१ खलाशी, खामला

@रामदासपेठकर, आम्ही त्या नळीतून खोट्या दातांची कवळीही काढली आहे. पाहुण्याने ती धुऊन परत मागितली होती.