71 च्या लढाईत पाकिस्तानच्या कैदेतनं पळालेला मराठी पायलट, खरंय का हे?

टाके_सोलापूर:
आमचं युनिफॉर्म शिवायचं दुकान आहे. काल अण्णा मशीनची सुई बदलता बदलता म्हणाले की 71 ला आपला एक मराठी पायलट तिकडं पकडला गेला होता आणि शिवायच्या सुईचं होकायंत्र करून पळाला. अण्णा उगाच काही बोलणारे नाहीत, पण पोरगं शाळेत भाषणात सांगणारे म्हणून नीट माहिती पायजे. नाव काय त्यांचं आणि सुटले का शेवटी?

सात_रस्ता:
अण्णा बरोबर सांगतायत. दिलीप परुळकर. 65 च्या लढाईत हंटर उडवताना हाताला गोळी लागली तरी विमान परत आणलेला माणूस. 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 पडलं, पॅराशूटनं उतरले ते थेट त्यांच्या हद्दीत. रावळपिंडीच्या कॅम्पात आपले बारा पायलट होते, तिथं ह्यांनी पहिल्यापासून पळायचंच डोक्यात घेतलेलं. शाळेच्या ॲटलासवरनं नकाशा, सुईला चुंबक करून होकायंत्र, आणि भिंतीच्या विटा हळूहळू मोकळ्या करत शेवटी 1972 च्या 12-13 ऑगस्टच्या रात्री ग्रेवाल, हरीश सिंहजी आणि परुळकर असे तिघं बाहेर पडले, पेशावरची बस धरली आणि तिथनं खैबरच्या रस्त्याला लागले.

रिटायर्ड_रेल्वे:
पुढचं मी सांगतो, कारण ह्यात आमची रेल्वे आहे. तिघं लंडी कोतलपर्यंत पोचले होते, अफगाण हद्द अगदी हाकेवर, आणि तिथं विचारलं की लंडी खान्याला कसं जायचं. नकाशात स्टेशन होतं ना. पण त्या स्टेशनला गाडी 1926 ला सुरू झाली आणि 1932 ला बंद, म्हणजे चाळीस वर्षं तिथं कुणी जात नव्हतं! लोकांना संशय आला, बांगलादेश झाल्यावर तिकडं अडकलेले बंगाली अफगाणिस्तानात पळून चाललेत असं वाटलं, तहसीलदारापुढं उभं केलं. एवढ्यावर आले आणि एका बंद स्टेशनच्या नावानं अडकले, अजून वाचलं की पोटात कालवतं माझ्या. तिथंही डोकं शाबूत ठेवलं बघा, ओळखीच्या एका पाकिस्तानी अधिकाऱ्याला, उस्मान हमीदला फोन लावायला सांगितलं म्हणून जीव वाचला.

सात_रस्ता:
आणि सुटले हो, सगळ्यांबरोबर 1 डिसेंबर 1972 ला वाघ्यावरनं आले. पोराला हेपण सांगायला लावा.

टाके_सोलापूर:
लई आभार काका, दोघांचेपण. रात्री अण्णांनी करूनच दाखवलं. जुन्या स्पीकरचं चुंबक सुईवरनं एकाच बाजूनं पन्नासेक वेळा फिरवलं, काचेच्या वाटीत पाणी, त्यावर कागदाचा कपटा आणि कपट्यावर सुई. जरा थरथरली, गोल फिरली आणि तुळजापूर नाक्याकडं तोंड करून थांबली. बोटानं हलवली तरी परत तिथंच. पोरगं वाटी सोडायलाच तयार नाही, शाळेत न्यायची म्हणतंय.