स्पॅनिश शिकालोय, शब्द येतात पण मेल वाचला की डोकं फिरतंय, मार्ग सांगा

शिरोली_कास्टिंग:
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या एक्सपोर्ट खात्यात हाय. मेक्सिकोचं एक गिऱ्हाईक लागलंय, त्यांची खरेदीवाली माणसं इंग्लिशमधी जेवढ्यास तेवढं लिहितात आणि खरा मजकूर सगळा स्पॅनिशमधी असतोय. ट्रान्सलेटरवर काम भागतंय पण कधीकधी ते भलतंच सांगतंय, म्हणून अ‍ॅपवर शिकायला घेतलं. शब्द बऱ्यापैकी झालेत पण चार ओळींचा मेल आला की कोण कुणाला काय म्हणालंय हेच कळत न्हाई. परवाची ओळ बघा, 'लेस कोन्फिर्मामोस के एल पेदीदो येगो आयेर, पेरो नोस फाल्तान दोस काहास'. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ लागता लागंना.

आणि ते 'आहे' ला दोन क्रियापदं कशाला, सेर आणि एस्तार? अ‍ॅप म्हणतंय कायमचं असलं तर सेर, तात्पुरतं असलं तर एस्तार. मग 'एस्ता मुएर्तो' म्हणजे तो मेलाय, यात एस्तार कसं काय, मेलेला माणूस उद्या उठून बसणार हाय का? अजून एक, मी वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवतोय, ते बरं का वाईट? आणि परीक्षा द्यावी का?

कट_जास्त:
भावा पयलं काम म्हणजे इंग्लिशमधनं शिकायचं बंद कर. तुझं अ‍ॅप इंग्लिशवाल्यांसाठी बनवलंय, त्यांना जे अवघड जातंय ते तुला आईच्या भाषेत आधीच येतंय. 'मे गुस्ता एल काफे' यात त्यांचं डोकं उलटं होतंय, आपण सरळ म्हणतो 'मला कॉफी आवडते'. अनेकवचनात 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात, आंबे अनेकवचनी झाले तसं क्रियापद पण बदललं, आपल्यासारखंच. 'ते लो दीगो' हे शब्दाला शब्द 'तुला ते सांगतो'. घर बघतो म्हणताना नुसतं 'वेओ ला कासा' पण हुआनला बघतो म्हणताना 'वेओ आ हुआन', म्हणजे माणूस आला की तो 'आ' लागतोय, आपला 'ला' लागतोय तसा. भूतकाळाला पोरं घाबरतात, त्यात पण तेच, 'लहानपणी रंकाळ्यावर जायचो' यातलं जायचो म्हणजे 'ईबा' आणि 'काल गेलो' यातलं गेलो म्हणजे 'फुई'. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर निभावतं.

आता तुझी ओळ. शब्द शोधत बसू नको, आधी क्रियापदाची शेपटी बघ. कोन्फिर्मामोस, शेवटी 'मोस' म्हणजे आम्ही. त्याच्या आधीचं लेस म्हणजे तुम्हाला. येगो म्हणजे पोचली, कोण पोचली तर पेदीदो, ऑर्डर. फाल्तान मधल्या शेवटच्या 'न' वरनं कळतंय की कर्ता अनेकवचनी हाय, तो मागं बसलाय, दोस काहास, दोन पेट्या. नोस म्हणजे आम्हाला. 'ऑर्डर काल पोचली पण आम्हाला दोन पेट्या कमी हायत.' कर्ता क्रियापदाच्या मागं जाऊन बसतोय ही त्यांची सवय, ती एकदा डोळ्याला लागली की निम्मा मेल आपोआप उलगडतोय. आणि आधी डिस्पॅचवाल्याला गाठ.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
वरच्या दादांचं बरंचसं पटलं, मी पण घरी पोरांना ऑनलाइन स्पॅनिश शिकवते तेव्हा हेच सांगते, पण मराठीच्या भरवशावर सगळं सोडू नका. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडे दोनच, आणि आपल्या लिंगाचा तिकडे काही संबंध नाही. ओ ने संपलं की पुल्लिंगी, आ ने संपलं की स्त्रीलिंगी हे बऱ्याच वेळा चालतं पण 'एल प्रोब्लेमा' पुल्लिंगी आणि 'ला मानो' स्त्रीलिंगी, हे पाठच करावं लागतं, म्हणून शब्द लिहितानाच एल किंवा ला सकट लिहायचा. एक गंमत म्हणजे क्रियापद मात्र बाई बोलली काय आणि पुरुष बोलला काय सारखंच, कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात तसं, फक्त विशेषण बदलतं, दमलेला तो कान्सादो, दमलेली ती कान्सादा.

सेर-एस्तारचा तो कायम-तात्पुरता नियम अर्धवट आहे हो. मी असं सांगते, मराठीत 'लाय' ने संपणारं रूप बसत असेल तर एस्तार घ्या. मेलाय, तुटलाय, दमलाय, बंद झालाय, कशाची तरी झालेली अवस्था. जागा सांगायची असेल तरी एस्तार, कोल्हापूर काही हलणार नाही तरी 'कोल्हापूर एस्ता एन महाराष्ट्र'. पण मीटिंग कोल्हापुरात आहे म्हणजे भरणार आहे, तिथे सेर, 'ला रेउनिओन एस एन कोल्हापूर'. ओळख, धंदा, गाव, स्वभाव हे सेरचं.

देवनागरी वही लगेच बंद करा. बोलायला ठीक, पण स्पेलिंगची वाट लागते. एच चा उच्चारच नाही त्यामुळे तुम्ही 'ओला' लिहिणार आणि एच विसरणार, बी आणि व्ही चा आवाज एकच, आणि मेक्सिकोत एस, झेड आणि ई-आय च्या आधीचा सी तिन्ही 'स'च. कासा घर आणि कासा शिकार, एक एस ने एक झेड ने, तुमच्या वहीत दोन्ही जुळे. त, द, प, क मात्र अगदी आपलेच, इंग्लिश बोलणाऱ्यांसारखी हवा सोडायची नाही.

स्वराच्या डोक्यावर जी तिरकी रेघ असते तिचं सांगते. शब्द स्वर, एन किंवा एस वर संपला तर जोर उच्चारातल्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि जिथे हे मोडतं तिथे रेघ मारतात. टाळून चालत नाही कारण मराठीत नुसत्या जोराने अर्थ बदलत नाही, तिकडे बदलतो. 'आब्लो' रेघेशिवाय मी बोलतो, शेवटच्या ओ वर रेघ असली तर तो बोलला. तुमच्याच मेलमधल्या 'येगो' वर ती रेघ असणार, बघा. आणि एन वरची नागमोडी रेघ तर हमखास द्या, वय सांगताना ती राहिली तर वर्षांच्या जागी शरीराचा जो भाग येतो तो इथे लिहीत नाही. मोबाईलवर एन दाबून धरला की मिळतं ते अक्षर.

उलटं प्रश्नचिन्ह पण सुरुवातीला येतं, रॉयल स्पॅनिश अकादमीने 1754 पासून सुरू केलेलं, कारण हो-नाहीच्या प्रश्नात वाक्य बऱ्याचदा तसंच्या तसं राहतं, सुरुवातीलाच खूण असली की वाचणाऱ्याला कळतं.

शिरोली_कास्टिंग:
ताई, दादा, नाद खुळा! पेट्यांचं विचारलं, दोन पेट्या इथंच रॅकवर निघाल्या 😅 परीक्षेचं कोण सांगतंय का?

बंदर_ते_बंदर:
नुसत्या मेलसाठी परीक्षेची गरज नाही. नोकरी बदलायची असेल तर देले ही स्पॅनिशची परीक्षा बघा, इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची, त्यांचं केंद्र नवी दिल्लीत आहे, ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या, सर्टिफिकेटला मुदत नाही. सिएले ही स्पॅनिशचीच दुसरी परीक्षा, तिचं सर्टिफिकेट 5 वर्षं चालतं. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं चारही तपासतात, त्यामुळे फक्त मेल वाचून पास होणार नाही.

मेलचं म्हणाल तर मेक्सिकोत 'वोसोत्रोस'ची (तुम्ही सगळे) रूपं पाठ करत बसू नका, ती स्पेनची, तुम्हाला 'उस्तेद' (एकाला आदराने, आपण) आणि 'उस्तेदेस' (अनेकांना, तुम्ही) पुरे. गिऱ्हाइकाला 'तू' ने सुरुवात करू नका, तो आधी करेल तेव्हा बघू. इंजिनियर असेल तर नावाआधी 'इन्खेनिएरो' लावा, आपल्याकडे साहेब लावतो तसं, खूश होतात. इंग्लिशसारखे दिसणारे शब्द जपून, 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे सध्या, खरंतर नव्हे. आणि पुढे स्पेन किंवा अर्जेंटिनाचं गिऱ्हाईक लागलं तर आकडे नीट बघा, मेक्सिकोत दशांशाला आपल्यासारखा टिंबच असतो पण तिकडे स्वल्पविराम, त्यांचं 1.250 किलो म्हणजे सव्वा किलो नव्हे, साडेबाराशे.