बाकी रुपयांत की ग्रॅममध्ये? सराफाच्या खात्यावरची उधारी आणि वसुली

तेरणाकाठचा (धागाकर्ता):

माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न मे २०२४ मध्ये झालं. गंठण, पाटल्या आणि जावयाची अंगठी तालुक्याच्या नेहमीच्या पेढीतून घेतली. पेढीचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. बरेचसे पैसे जागेवर दिले, जुनी मोड वळती झाली आणि एक लाख दोन हजार राहिले. "सोयाबीन निघालं की द्या, पळून थोडेच जाताय," असं शेठ म्हणाले.

पक्कं बिल रुपयांत आहे, जीएसटीसकट. पण सोबत एक कच्ची चिठ्ठी दिली, तिच्यावर लिहिलंय "१५ ग्रॅम बाकी". त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ६,८०० धरला होता. पंधरा गुणिले सहा हजार आठशे, हिशेब बरोबर जुळतो. लग्नाच्या गडबडीत कोण कशाला बघतंय.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजारांवर कोणी घेईना. तरी मावसभावाने थोडेथोडे करत पन्नास हजार भरले. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पावसात उभं पीक पाण्यात गेलं. २०२५ च्या दिवाळीला तो पेढीवर गेला, "उरलेले बावन्न हजार, थोडं थांबा" म्हणायला. शेठनी वही काढली. प्रत्येक हप्ता त्या-त्या दिवशीच्या भावाने ग्रॅममध्ये वळता केलेला. पन्नास हजारांचे झाले सव्वासहा ग्रॅम. बाकी पावणेनऊ ग्रॅम. दिवाळीचा भाव ११,८००. देणं एक लाख तीन हजार दोनशे पन्नास.

पन्नास हजार भरल्यावर देणं मूळच्यापेक्षा साडेबाराशेने जास्त!

त्यानंतर वसुली. दोन पोरं जेवणाच्या वेळेला दारात. एकदा तर पेढीवरून थेट मुलीच्या सासऱ्यांना फोन, "तुमच्या सुनेच्या अंगावरचं गंठण आमचं आहे अजून." 

आता खरी मेख ऐका. याच पेढीत वहिनीने अकरा महिन्यांची सुवर्ण योजना लावली होती, महिना दोन हजार. मुदत संपल्यावर सोनं कोणत्या भावाने मिळालं? शेवटच्या दिवसाच्या. भरलेल्या पैशांचे ग्रॅम कोणी दरमहा मांडून ठेवले नव्हते, फक्त घडणावळीत सूट. म्हणजे आपण आधी पैसे दिले तर ते रुपये, आणि नंतर द्यायचे राहिले तर ते ग्रॅम. भाव चढतोय तोवर दोन्हीकडून पेढीचाच फायदा. माझं म्हणणं एवढंच आहे: खातं कुठल्याही मापात ठेवा, पण दोन्ही बाजूंना एकच माप लावा. बोला.

कोरडवाहू:

आमच्याकडेही अगदी हेच. फक्त चिठ्ठीवर "ग्रॅम" ऐवजी "गु." लिहितात, म्हणजे गुंज, सोनं मोजायचं जुनं वजन. जुनी माणसं सांगतात पूर्वीपासून असंच चालतं. पण पूर्वी भाव दीड वर्षात पावणेदोन पट होत नव्हता, म्हणून कोणाला टोचलं नाही.

सराफकट्टा:

मी स्वतः पेढीवर बसतो, तिसरी पिढी. शिव्या घालण्याआधी दुसरी बाजू ऐका.

तुम्हाला माल दिला तेव्हा माझ्या तिजोरीतून सोनं गेलं, रुपये नाही. तेवढंच सोनं परत भरायला २०२५ च्या दिवाळीला मला ग्रॅमला ११,८०० मोजावे लागले. आम्ही ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलतो तो पुष्कळदा वजनावर, फेडायचाही वजनावरच. बँकेचं गोल्ड मेटल लोन, म्हणजे पैशांऐवजी सोनंच उसनं घेतलेलं असेल, तर त्याचाही हिशेब सोन्यात. मी रुपयांत उधारी धरली आणि देणं ग्रॅममध्ये राहिलं, तर भाव वाढेल तसा मी बुडत जाणार. सोन्याच्या भावात आमचा नफा नसतोच, जो काही आहे तो घडणावळीत, आणि तिथेही मोठ्या शोरूमवाल्यांनी "मजुरीवर ५० टक्के सूट" लावून आमची कंबर मोडलीय.

वर दीड वर्ष बिनव्याजी. बँकेकडे गेलात तर? सोनं विकत घ्यायला बँक कर्ज देत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासून नियम आहे. क्रेडिट कार्डावर टीव्हीचे हप्ते पाडून मिळतात, दागिन्याचे नाही. मग गावात उधार कोण देतो? आम्हीच.

आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये भाव धाडकन पडला, तेव्हा याच गिऱ्हाइकांनी "शेठ, आजच्या भावाने लावा की" म्हणत रांग लावली होती. तेव्हा ग्रॅम गोड लागले. आता कडू झाले होय?

हिशेबी_पुणेकर:

सराफांशी पूर्ण सहमत. एक कळत नाही, ऐपत नसताना गंठण घ्यायला सांगितलं कोणी? एक ग्रॅमचे दागिने मिळतात, दिसायला तेच. सोनं ही हौस आहे, औषध नाही. उधारीवर हौस करायची आणि मग सावकार वाईट म्हणायचं, हे मराठी माणसाचं जुनं रडगाणं.

सोलापूरची_सून:

@हिशेबी_पुणेकर, हौस? बैठकीत "पाच तोळे घाला, बाकी आम्हाला काही नको" म्हणणारे व्याही तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, त्यातून सुटायला "तुमच्या मुलीच्या अंगावर तुम्हीच घालताय" ही पळवाट ठेवलेली असते. एक ग्रॅमचं गंठण घातलं असतं तर त्या मुलीला काय काय ऐकावं लागलं असतं, ते एकदा घरातल्या बायकांना विचारा.

पण धागाकर्त्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. भावाला पक्कं बिल हातात मिळालं होतं, चिठ्ठीही मिळाली होती. दोन्हींत वेगवेगळं माप दिसत होतं. शेठना तिथल्या तिथे विचारायला पाहिजे होतं. भिडेपोटी विचारलं नाही, हे खरं कारण. आपल्याकडे सराफाला कागद मागणं म्हणजे त्याच्या सचोटीवर शंका घेणं समजतात. त्याचं सगळ्यात जास्त फावतं ते इथे.

तालुका_वकील:

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ज्याचं प्रकरण असेल त्याने कागद घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटावं.

विक्री झाली, पक्कं बिल रुपयांत निघालं, त्यावर जीएसटी लागला. म्हणजे विक्रीची किंमत रुपयांत ठरली. उरलेली रक्कम हे त्या किमतीतलं न दिलेलं देणं, तेही रुपयांतच. "सोनं सोन्यानेच फेडायचं" असा दोघांच्या सहीचा वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. एकट्या दुकानदाराने लिहिलेल्या बिनसहीच्या चिठ्ठीला तसा करार म्हणता येणार नाही. वहीतल्या नोंदीही पुराव्यात येतात, पण केवळ त्यांच्या जोरावर कोणावर देणं बसवता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये हे होतं आणि नव्यातही आहे. उशीर झाला म्हणून व्याज हवं असेल तर ते आधी ठरवून बिलावर लिहावं. त्या व्याजावरही जीएसटी लागतो, हे किती पेढ्या पाळतात ते सराफकट्टा यांनी सांगावं.

उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत. मात्र मधे कुठे सही करून बाकी कबूल केली, की त्या तारखेपासून मुदत पुन्हा सुरू. म्हणून "फक्त माहितीसाठी सही करा" म्हणून कोणी ग्रॅमची चिठ्ठी पुढे केली तर सही करू नका.

वसुलीबद्दल. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नको, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांना आहे. सराफाच्या पेढीला तो लागू नाही, तिथे लोकांची गफलत होते. पण धमकी ही धमकीच. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३५१ आहे, बदनामीसाठी ३५६. व्याह्यांना फोन करून "गंठण आमचं आहे" म्हणणं तर सरळ खोटं आहे. माल विकून हाती दिला, आता तो मुलीचा. दुकानदाराचा हक्क पैशांवर, गंठणावर नाही.

सराफकट्टा:

व्याह्यांना फोन करणं चूकच, मी कधी केला नाही, करणारही नाही. पण पोरगा दारात पाठवायचा नाही तर काय करायचं? बावन्न हजारांसाठी दिवाणी दावा लावू? तारखा पडत पडत निकाल लागेपर्यंत माझी चौथी पिढी पेढीवर येईल. लोक फोन उचलत नाहीत, बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीतून जायचं टाळतात. आणि याच लोकांच्या पोरांची पुढची लग्नं निघाली की पुन्हा आमच्याकडेच!

वकीलसाहेबांचं म्हणणं कायद्याने बरोबर असेल. मग एकच होईल, छोट्या पेढ्या उधारी बंद करतील. मग सावकाराकडे जा.

कोरडवाहू:

@सराफकट्टा, तालुक्याला पेढीच्या वरच्या मजल्यावर सावकारी परवान्याची पाटी कोणाची असते हो? खाली विकायचं, वर गहाण घ्यायचं. २०१४ च्या सावकारी कायद्यात निदान व्याजाला मर्यादा आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, खात्याचा उतारा द्यावा लागतो. ग्रॅमच्या वहीला यातलं काहीच नाही. म्हणून तर गहाणापेक्षा ग्रॅम परवडतात तुम्हाला.

एडिसनकर:

इथे अमेरिकेत कागद भरपूर असतो, तरी फार फरक पडत नाही, म्हणून लिहितोय. इथल्या दागिन्यांच्या साखळी दुकानांत स्टोअरचं स्वतःचं क्रेडिट खातं काढून देतात. स्टर्लिंग ज्वेलर्स, म्हणजे के आणि जेरेड ही दुकानं चालवणारी कंपनी. तिच्यावर केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण विभाग आणि न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आरोप ठेवला, की ग्राहकाला न विचारता त्याच्या नावाने क्रेडिटचे अर्ज भरले, न मागितलेला हप्ता-विमा गळ्यात मारला आणि व्याजाच्या अटी नीट सांगितल्या नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये आरोप मान्य न करता कंपनीने तडजोड केली, एक कोटी डॉलर केंद्राला आणि दहा लाख न्यूयॉर्क राज्याला.

तुमच्या शेठनी निदान चिठ्ठी हातात दिली. इथे माणूस रिंगच्या साफसफाईला जायचा आणि खातं उघडून परत यायचा. तेव्हा "कागद मागा" हा उपाय अर्धाच आहे.

तेरणाकाठचा:

@सराफकट्टा, तुमची अडचण खोटी नाही. वजनावर उचललेला माल वजनाने फेडायचा असेल तर जोखीम तुमच्यावर येते हे पटतं. पण ती जोखीम गिऱ्हाइकावर टाकायची तर विकतानाच सांगा, "भाव वाढला तर तुम्ही भराल." सांगितलं असतं तर भावाने पाटल्या कमी केल्या असत्या. २०१३ चं उदाहरण दिलंत, तेव्हा रांग लावणाऱ्यांना तुम्ही आजच्या भावाने लावलं का? ते नाही सांगितलंत.

आणि योजनेबद्दल एक शब्द नाही तुमचा. आमचे आगाऊ पैसे अकरा महिने तुमच्याकडे असतात तेव्हा तुम्ही त्यातून सोनं घेऊन ठेवू शकता. भाव वाढल्याचा फायदा तुमचा. तेव्हा नाही कोणी ग्रॅम मोजत.

सराफकट्टा:

२०१३ ला काहींना लावलं, काहींना नाही. जुनी घरं होती त्यांना लावलं. खरं ते सांगितलं.

योजनेत आम्ही मजुरी सोडतो, तोच तुमचा फायदा. ज्यांना दर महिन्याला ग्रॅम जमा हवेत त्यांच्यासाठी तशा योजना आहेत, काही पेढ्या देतात, त्या घ्या. आणि आगाऊ पैसे पेढीकडे ठेवण्याचीही जोखीम असते, २०१९ च्या दिवाळीत डोंबिवलीत गुडविनची दुकानं बंद झाली तेव्हा लोकांनी पाहिलं. प्रामाणिक पेढीला त्याचाही फटका बसतो.

हिशेबी_पुणेकर:

म्हणजे शेवटी "जुनी घरं" हाच नियम. मग मघाचं माझं सहमत परत घेतो. हिशेब चेहरा बघून होत असेल तर तो हिशेब नाही.

निफाडची_लेक:

माझं प्रकरण उलटं आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही २०२४ च्या पाडव्याला तोड्यांचं बुकिंग केलं, जवळपास सगळे पैसे भरले. पावतीवर "२५ ग्रॅम तोडे" आणि त्या दिवशीचा भाव, दोन्ही लिहिलंय. लग्न लांबलं. आता पेढी म्हणते भावातला फरक भरा, नाहीतर पैसे परत घ्या, व्याज नाही. वकीलदादा, इथे ग्रॅम की रुपये?

तालुका_वकील:

@निफाडची_लेक, पावतीवर वजन आणि भाव दोन्ही लिहिलेत, म्हणजे सौदा ठरलेला आहे. "अमुक महिन्यांत न नेल्यास चालू भाव" अशी बारीक ओळ पावतीच्या मागे आहे का ते आधी बघा. नसेल तर लेखी मागणी करा, पोच घ्या, त्यांचं उत्तरही लेखीच मागा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तोवर त्यांनी परत केलेले पैसे खात्यात घेऊ नका, आणि पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

निफाडची_लेक:

मागे ओळ आहे, पण शिक्का तिच्यावरच मारलाय, वाचता येत नाही. उद्या भिंगाने बघते.